मामा, तुमच्या पेशी चहाडखोर निघाल्या

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकताना मनातल्या मनात दातओठही खाल्ले, तेवढं पोटात घाला.) पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची रीत आहे, पण या खेपेला तुमच्या तब्येतीची खबर तुमच्यापेक्षा मलाच जास्त आहे. गुडघा कसा आहे तेवढं कळवा. तिथवर आमची नळी पोचत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या प्रयोगशाळेत सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि न ओढणाऱ्यांच्या श्वासनळीतल्या पेशी ताडून बघतात. ओढणारे ढिगाने मिळाले. (जिन्यात उभं राहून नुसती हाक मारली तरी चार जण खोकत येतात.) घोडं अडलं ते न ओढणाऱ्यांपाशी, त्यातही पन्नाशी उलटलेल्यांपाशी. तेव्हा जेवता जेवता तुम्हीच छाती ठोकून म्हणालात, की आयुष्यात सिगारेटला शिवलो नाही, घे हव्या तेवढ्या पेशी. मामी ताटात बघत होती. मी बावळट, मला वाटलं भाजीत मीठ कमी पडलंय. तपासणीला तुम्ही आलात तेही नवरदेवासारखे: कोरा शर्ट, दाढेखाली लवंग, आणि दोन दिवस गुळण्या करून घसा धुतलेला. नाकातून नळी घातली, आत बारीकसा ब्रश फिरवला, तरी तुम्ही हूं की चूं केलं नाही. (नर्सचा हात तेवढा पिळलात, तिचं बोट अजून ठणकतंय.) सोबत आलेल्या मामीनेही हौसेने नमुना दिला. आमच्याकडे ओढणाऱ्यांच्या नळ्यांना लाल झाकण, न ओढणाऱ्यांच्या नळ्यांना निळं. तुम्हा दोघांची निळी झाकणं मी माझ्या हाताने लावली, आणि तेव्हा काय अभिमान वाटला होता मला तुमचा!

अहो मामा, गुळण्यांनी वास जातो, पेशींना त्याचं काय? जनुकं म्हणजे आईवडिलांनी दिलेली भांडी समजा. ती फळीवर असतातच. त्यातली कुठली रोज वापरात येतात आणि कुठली धूळ खात पडतात, तिथे फरक पडतो. रोज धूर आत आला की त्यातलं विष निस्तरणारी जनुकं राब राब राबतात आणि राखणीला बसवलेली काही गप्प होतात. तुमच्याकडची मंडळी अशी काही राबताहेत की बघून मलाच दम लागला. संगणकाने सगळे नमुने सारखेपणाप्रमाणे मांडले, तर आमचे निळ्या झाकणाचे मामा लाल झाकणांच्या घोळक्यात मांडी ठोकून बसलेले!

आमच्या मोठ्या बाई (त्या कधी ओरडत नाहीत, हळू बोलतात आणि समोरच्याची कानशिलं तापतात) म्हणाल्या, झाकणांची अदलाबदल तूच केलीस. मी शपथेवर सांगितलं, आमचे मामा निर्व्यसनी आहेत. तुमचं गुणगान करावं तितकी मी गाळात जात होते, कारण मामा खरं बोलत असतील तर भाचीच निष्काळजी ठरते! हे काम माझ्याकडे ठेवायचं की काढून घ्यायचं ते सोमवारी ठरणार आहे. घरी येऊन पोटभर रडले आणि मग एकेक आठवायला लागलं. उठसूट गच्चीवर झाडांना पाणी घालायला जाणं, परत आल्यावर लवंग. मामा, गच्चीवर एकच कुंडी आहे आणि तिच्यात निवडुंग आहे! तुम्ही खरंच इतकं पाणी घातलं असतंत तर तो कधीच कुजून गेला असता. चांगला टुणटुणीत आहे.

राग आलाय, खोटं कशाला बोलू. पण त्याहून भीती जास्त वाटतेय. सिगारेट सोडली तर बरीचशी जनुकं पुन्हा ताळ्यावर येतात, काही मात्र वर्षानुवर्षं रुसलेलीच राहतात. तेव्हा जितकं लवकर तितकं बरं. मोठ्यांना अक्कल शिकवते म्हणून रागावू नका.

तुमची (सोमवारपर्यंत तरी नोकरीत असलेली),
भाची

ता. क. मुद्द्याचं राहूनच गेलं. सोमवारी सकाळी या आणि बाईंसमोर एवढंच म्हणा, ‘ओढतो.’ लवंग नको.

आणखी एक ता. क. हे लिहू की नको असं चाललं होतं. मामीचा नमुनाही निळ्यांमध्ये नीट बसत नाही, लालच्या बाजूला जरासा सरकलाय. फोन करून विचारलं, मामी, तू ओढतेस का गं? ती इतकी हसली की तिला खोकलाच लागला. तिने कधी हातातसुद्धा धरलेली नाही. पण गच्चीवर पाऊस असला की तुम्ही स्वयंपाकघरातली काडेपेटी घेऊन बाथरूममध्ये ओढता, आणि मागाहून आत शिरून खिडकी उघडते ती. दुसऱ्याच्या धुरानेही असं होतं, मामा. तुमच्या पेशींचं तुम्ही बघा, तिच्या पेशींनी तुमचं काय घोडं मारलं होतं?

शेवटचा ता. क. कुंडीखाली काडेपेटी शोधत बसू नका, मामीने ती माझ्याकडे पाठवून दिलीय. उघड्या गच्चीवर असून ती इतक्या वर्षांत एकदाही भिजली कशी नाही, याचं तुम्हाला कधी नवल नाही वाटलं? पाऊस लागला की मामी ती आत आणून ठेवायची, आणि तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून उघडीप पडताच पुन्हा जागच्या जागी ठेवून यायची.