भिंतीतली काच

प्रिय टिटवे,

गिरणीतलं आपलं विणाईखातं पाडणार नाहीत. तिथे एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या होताहेत, आणि त्यांतली एक मला मिळाली आहे. थोरला रागावला. जन्मभर त्या शेडमध्ये राबलीस ते कमी झालं का, आता राहायलाही तिथेच? मी म्हटलं, तेव्हा उभी होते, आता पाय पसरून बसेन. सून हसली. तो नाही हसला.

परवा बघून आले. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर तसंच आहे, काचा तेवढ्या नव्या. बिडाचे खांब घासून ठेवले आहेत. बॉयलरघराच्या विटा साफ करून खोल्यांच्या भिंतींना लावताहेत, मालाच्या पेट्यांच्या फळ्यांची दारं केली आहेत. जमिनीतलं तेल मात्र निघत नाही. मिस्त्री वैतागला होता, किती धुवायची मावशी? मी म्हटलं, आमच्या केसांतूनही लवकर निघालं नव्हतं.

नकाशे काढणारी मुलगी गुणी आहे. दोन खोल्यांमधली भिंत तिने मुद्दाम जाड धरली आहे. पलीकडचं खोकणंही ऐकू येणार नाही म्हणाली. आम्ही मागांचा आवाज इतका सोसला, आता तरी शांतता मिळावी, असं तिला वाटतं. तिला कसं सांगू, शांतता माझ्याकडे भरपूर आहे. उजवा कान गेलाच होता, आता डावाही जेमतेम. घरात माझ्याशी ओरडून बोलावं लागतं, म्हणून कामापुरतंच बोलतात. नात शाळेतली गंमत सांगायला आली, दुसऱ्यांदा सांगताना कंटाळली आणि 'जाऊ दे गं आजी' म्हणून निघून गेली.

खात्यात त्या खडखडाटातही आपण दिवसभर बोलायचो, ओठांनी आणि बोटांनी. तुझ्या नवऱ्याची कुरकुर, माझ्या सासूचे टोमणे, सगळं, एकही धागा तुटू न देता. आपल्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरला त्याच्यासमोरच ढेरपोट्या म्हणायचो, पोटावर हात फिरवून. एकदा त्या भल्या माणसाने तुला पोटदुखीची रजा देऊ केली, आणि तू घेतलीस!

तर मी त्या मुलीला म्हटलं, या भिंतीत खिडकीएवढी काच बसव. ती गोंधळली. पलीकडच्या माणसाला एकांत नको का, मावशी? पलीकडे माझी मैत्रीण येणार आहे, असं मी सांगून टाकलं. तुला न विचारता. मिस्त्रीने तेवढी जागा मोकळी सोडून काम थांबवलं आहे. तू नाही म्हणालीस तर तो विटा लावून बुजवेल, आणि पलीकडे दुसरं कुणी येईल. लेकीचं घर सोडणं सोपं नाही, कळतं मला. बोटं सांध्यांत आखडली आहेत, असंही तू लिहिलं होतंस. वळतील तेवढी वळव. मला घाई नाही.

तुझीच,
शेजारच्या मागावरची