दाजींच्या इंजिनाचा धूर

१२ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी पेडगावला आमच्या रोपवाटिकेतली टरबुजाची रोपं पोचती केली, चाळीस ट्रे. येताना परभणीत जीपची पीयूसी करायला थांबले. नापास.
सेंटरवर रेश्मा म्हणून पोरगी आहे, चष्मेवाली, बोलायला गोड. सायलेन्सरात नळी घालून म्हणाली, "काकू, आता पूर्ण दाबा." दाबलं. असा काळा लोट निघाला की शेजारच्या चहावाल्यानं कपांवर टॉवेल टाकला. मशिनीवर ८२. पासष्टच्या आत पाहिजे.
"जुनी गाडी म्हणून पासष्ट तरी हाय काकू, नव्यांना तर..." पुढचं ऐकून घ्यायचा धीर नव्हता.
नोंदणी मार्चअखेर संपते, पाच वर्षं वाढवून घ्यायची. जूनपासून मिरचीची रोपं. पावसात काळ्या मातीच्या रस्त्यांवर ही जीपच चालते. टेम्पो लावून बघितला होता, दोनदा फसला. रोपं डोक्यावर नेली बायांनी.

१६ फेब्रु., सोमवार
धुराचं सोडा, दुसरंच निघालं.
आरटीओत नूतनीकरणाचं विचारायला गेले. साहेबांनी कागद पाहिले, बाहेर येऊन बॉनेट उघडायला लावलं. इंजिनवरच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. उमटलेला नंबर आरसीवरचा नव्हताच. कसा असणार.
"इंजिन कुणाचं हाय ताई?"
"आमच्या दाजींचं."
हसले. म्हणाले, मग दाजींना घेऊन या. त्यांच्या गाडीची नोंदणी रद्द करायचा अर्ज, त्यांची आरसी, इंजिन दिल्याचं पत्र. सही इथं येऊन. मग तो नंबर तुमच्या आरसीवर चढेल. पण आधी पीयूसी. माणूस सरळ वाटला. एकाच खेपेत सगळं सांगितलं, खेटे घालायला लावले नाहीत.
दाजींना घेऊन या म्हणे!

१७ फेब्रु.
लिहून काढते, म्हणजे डोकं मोकळं होईल.
दाजी म्हणजे अक्काचे मालक, मानवतचे. त्यांची जीप नि आमची सारखीच. तीन वर्षांमागं वादळात त्यांच्या जीपवर कडुलिंब पडला. टप चेपून गेला, इंजिन शाबूत. त्याच साली आमचं इंजिन जाम झालं. दाजींनी आपलं इंजिन ट्रॅक्टरात घालून इथं झरीला, आमच्या गावी पाठवून दिलं. "पडून सडण्यापरीस तुझ्या गाडीत फिरू दे." कागद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरचंच तर होतं.
मला गाडी शिकवली ती पण दाजींनीच. माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हा.
मग मागच्या मे महिन्यात अक्काच्या पोराची हळद. दाजींनी कार मागं घेताना मांडवाचा खांब पाडला. लेकरं तिथून नुकतीच उठली होती. दाजींच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय हे अक्काला ठाऊक, पोराला ठाऊक, कुणी तोंड उघडत नव्हतं. मी गेले, चावी काढून घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली नि सगळ्यांदेखत म्हणाले, "दाजी, तुमाला दिसत न्हाई आता. बस करा."
तेव्हापासून अबोला. नऊ महिने झाले.
आमचे हे म्हणतात, "बोललीस ते खरंच होतं. आता फोन लाव." दोनदा मोबाइल हातात घेतला नि ठेवला.

२० फेब्रु., शुक्रवार
मानवत. फोन न करता जीप घेऊनच गेले.
गल्लीत वळले तेव्हा दाजी ओट्यावर बसलेले, पाय खाली सोडून. मी उतरायच्या आत मान वर केली. माझ्याकडं नाही, बॉनेटकडं. अक्का दारात आली तर तिला म्हणतात, "तिला सांग, पंपाचं टायमिंग मागं पडलंय. डिझेल लय सुटायलंय."
मी तीन हातांवर उभी!
अक्का म्हणाली, "शोभा, हे म्हणायलेत की..."
"ऐकलं मी अक्का."
चहा झाला, धपाटे झाले. कामाचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग पुन्हा अक्कालाच: "इंजिन दिलं ते दिलं. पण गाडी रद्द करायची सही माझ्याच्यानं व्हायची न्हाई. रानात सांगाडा पडलाय, कागदावर तर उभी हाय का न्हाई? तीबी मीच पुसू?"
 निघताना अक्कानं पिशवीत पेरू भरले. वाटेत एकही खाल्ला नाही.

२४ फेब्रु., मंगळवार
निदान धूर तरी माझ्या हातातला, म्हणून जीप सलीमभाईंच्या गॅरेजला लावली. एअर फिल्टर उघडला तर आत आमच्या शिवारातली निम्मी माती. नोझल काढून साफ केले. सलीमभाई म्हणाले, "ताई, इंजिनात दम हाय. पंपाची भूक तेवढी वाढलीया."
दाजी म्हणाले तेच. त्यांनी नुसतं गल्लीतून ऐकून सांगितलं होतं.
संध्याकाळी पुन्हा रेश्माकडं. ७१. तिलाच वाईट वाटलं. "सहाच राहिले काकू!" मी म्हटलं, अगं परीक्षा नव्हे ही. तर म्हणे, परीक्षाच की.

४ मार्च, बुधवार
अक्काचा फोन. हळू आवाजात. "रोज इचारायलेत, धूर कितीवर आला म्हणून. मी म्हनलं, तुमीच लावा की फोन. तर म्हणतात, मला नंबर दिसत न्हाई."
"मग तू काय म्हणालीस?"
"म्हनलं, एकाहत्तर. तर जेवता जेवता थांबले. म्हणाले, सलीमनं पंप खोलला का न्हाई अजून?"
लय दिवसांनी आम्ही दोघी बहिणी मनापासून हसलो.

९ मार्च, सोमवार
दुपारी शेडनेटमध्ये पाणी देत होते. टोमॅटोची रोपं छान उठलीत, एकसारखी, वरून हात फिरवावा अशी. फाटकाशी रिक्षा थांबली. अक्का उतरली, मागून दाजी, हातात प्लास्टिकची पिशवी. एसटीनं परभणी, तिथून रिक्षा. फोन नाही, निरोप नाही. माझीच रीत मला परत.
मी हात पुसत गेले. दाजी म्हणाले, "शोभा, गाडी कुठाय?"
नाव घेतलं. अक्कामार्फत नाही, मलाच.
पिशवीत त्यांची आरसी होती. ओलबिल लागू नये म्हणून तीन पिशव्यांत गुंडाळलेली. ठेव म्हणाले नाहीत, मांडीवरच धरून बसले. सहीचा विषय मी काढला नाही.
हे शाळेत शिकवून आल्यावर ह्यांच्या नि दाजींच्या भुईमुगाच्या शेंगा खात गप्पा. घर भरल्यासारखं वाटलं.

१० मार्च, मंगळवार
आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा.
गॅरेजमध्ये सलीमभाईंनी पंप सैल केला. दाजी इंजिनाजवळ डब्यावर बसले, एक हात मडगार्डवर, डोळे मिटलेले. मी गाडीत, ॲक्सिलेटरवर पाय. सलीमभाई पंप किंचित फिरवायचे नि बघायचे ते दाजींच्या तोंडाकडं.
"अजून... अजून जरा. थांब. लय झालं. मागं घे. केसभर." मग मला, "शोभा, दाब. सोड. परत दाब. एवढी हबकतीस कशाला? त्याला लागत न्हाई."
एक तास. दाजींच्या हातावर डिझेल, सदऱ्यावर डिझेल, आणि चेहरा मी लहानपणी बघितलेल्या दाजींचा. शेवटी मडगार्डवर थाप मारली. "बांध आता."
सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मशीन लाव, न लाव, एकच हाय. ह्यांचा कानच मशीन हाय."
रेश्माकडं गेलो. नळी, पूर्ण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. लोट नाही, राखाडी रेघ फक्त. चहावाला टॉवेल हातात घेऊन तयारच उभा होता, तसाच राहिला.
"अठ्ठावन्न!" रेश्मा ओरडली.
दाजींनी विचारलं, "किती?"
"अठ्ठावन्न, आजोबा. पास."
थोड्या वेळानं परत, "किती म्हनलीस?" ऐकू आलं होतं त्यांना. तिनं पुन्हा सांगितलं, तेवढ्याच जोरात.

१३ मार्च, शुक्रवार
आरटीओ. काल जेवताना दाजी आपणहून म्हणाले होते, "उद्या चल, उरकून टाकू." कशानं मन वळलं, विचारलं नाही.
साहेबांनी अर्ज पुढं ठेवला. दाजींनी पेन हातात घेतला, कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला. "सही कुठं?" मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. सही केली. अक्षर वळणदार, मात्र रेघ सोडून वर गेलेलं. दुसऱ्या कागदावरही तसंच.
जुनी आरसी द्यायच्या वेळी म्हणाले, "साहेब, हिची एक झेरॉक्स मिळंल का?" साहेबांनी शिपायाला पाठवून काढून दिली.
बाहेर बाकावर उसाचा रस पिताना मी म्हणाले, "दाजी, त्या दिवशी मी चारचौघांत बोलायला नको होतं."
 ग्लास संपवला. मग म्हणाले, "चावी घेतलीस ते ठीक केलंस. लेकरं व्हती तिथं. पण पदरात बांधलीस, ते मला लय लागलं. दुकानदारीन गल्ला बांधती तशी."
मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नसणार, पण रुमाल पुढं केला. डिझेलचा वास येत होता त्याला.

१९ मार्च, पाडवा
अक्का-दाजी थांबले. पुरण अक्कानं घातलं, मी नुसती लुडबुड केली. जीपला झेंडूचा हार. रोपवाटिकेतल्या बायांना पोळ्या. एक बाई म्हणाली, "ताई, आवंदा मिरचीला डोक्यावर ट्रे न्यायचे न्हाईत ना?" मी म्हटलं, बघू, साहेबांच्या हातात. पण आतून वाटतं होईल.
दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी नि अक्का ओसरीत. ती म्हणे, घरी असले की दिवसभर बसून राहतात, इथं आल्यापासून चार वेळा जेवायला मागतात.

२५ मार्च, बुधवार
अधिकाऱ्यांनी जीप तपासली. दिवे, ब्रेक, हॉर्न, पाटी. दाजी मागच्या सीटवर. तपासायला आलेले साहेब तरुण. म्हणाले, "इंजिन छान चालतंय, टायमिंग कुणी लावलं?" मी मागं बोट दाखवलं. दाजींनी नमस्कार केला, तो जरा दुसऱ्याच दिशेला गेला. साहेबांनी बाजू बदलून त्या दिशेला जाऊन घेतला. असं माणूसपण आठवणीत राहतं.
फाइल वर गेली. मंजुरी आली की मेसेज येईल. तोवर रस्त्यावर काढायची नाही एक तारखेपासून.
अक्का-दाजी संध्याकाळच्या एसटीनं गेले. घर एकदम मोठं झालं.

२ एप्रिल, गुरुवार
मेसेज नाही. जीप पत्र्याखाली उभी. ह्यांनी रोज पाच मिनिटं चालू ठेवायचं काम अंगावर घेतलंय, फारसं येत नाही त्यांना, पण हौस.
सकाळी दाजींचा फोन. स्वतः लावलेला. अक्कानं मोबाइलवर माझ्या नावाला दोन नंबरचं बटण लावून दिलंय.
इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "शोभा, रस्त्यावर न्हाई म्हणत मी. डॉक्टरनंबी सांगितलंय. पण तुझ्या हरभऱ्याचं रान मोकळं झालं असंल ना?"
"झालं की."
"रविवारी आलो तर एक फेरी मारू दे. तू बाजूला बस. दुसरा गिअर, वर न्हाई. तू थांब म्हनलीस की थांबतो."
मला पटकन हो म्हणता आलं नाही, नाही पण म्हणवलं नाही. मी म्हणाले, "संध्याकाळी सांगते दाजी."
अक्काला विचारलं तर ती म्हणे, "मला इचारू नकोस बाई. मी हो म्हनले तरी चूक, न्हाई म्हनले तरी चूक."
हे म्हणाले, "तुझं रान, तुझी गाडी."
चारच्या सुमाराला रानात गेले. पूर्वेला विहीर, तिकडून काटेरी तार आहे पण जुनी. पश्चिमेला बांध बुटका, पलीकडं गायरान, एकही झाड नाही. मधे ठिबकच्या नळ्या पडल्या होत्या, त्या गुंडाळून कडेला ठेवल्या. एक मोठा दगड होता, तो गडगडत बांधापाशी नेला. मग दाजींना कुठं थांब म्हणायचं ते ठरवायला विहिरीपासून पावलं मोजत निघाले. साठ, सत्तर, ऐंशी.