गवताला जंगल म्हणणारा नकाशा

सर,

तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलेय. उपग्रहाच्या फोटोवरून जंगल कसं ओळखायचं ते तुम्ही शिकवलंत. ओळखलेलं खरं आहे का, ते पायी जाऊन बघायलाही शिकवलंत. पण बघून आल्यावर कुणी ऐकूनच घेतलं नाही तर काय करायचं, ते न सांगताच गेलात. आता इतकी वर्षं झाली, तरी हा राग नव्याने येतो.

घाटकोपरची टेकडी आठवते का? तुमच्या हाताखाली पीएच.डी. करणारे आम्ही दोघंच, मी आणि तो. आमच्या पहिल्या नकाशात अख्खी टेकडी गडद हिरवी, म्हणजे दाट झाडी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारलंत, "थंय जावन इलास काय?" तिथे गेलोच नव्हतो, आम्ही नकारार्थी माना हलवल्या. "मगे ह्या तुमका कोणी सांगल्यान?" रागावलात की तुमची मालवणी बाहेर यायची. त्याच दुपारी, मेच्या उन्हात, तुम्ही आम्हाला रिक्षात घालून तिकडे नेलंत. वर करपलेलं गवत, बोरीची चार झुडपं, बाकी दगड. फोटो पावसाळ्यानंतरचा होता, त्यातलं हिरवंगार गवत आम्हाला जंगल वाटलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. तापलेल्या दगडावर बसून डबा उघडलात, आमच्यापुढे केलात आणि म्हणालात, "घ्या, आता तुमच्या जंगलाच्या सावलीत जेवा." आम्ही डोक्यावर वह्या धरून उन्हातच चपाती खाल्ली.

तो आता विभागप्रमुख आहे. उपनगरांतल्या झाडांचा नकाशा आमच्या विभागाने केला, आणि झाडं वाढली असं उत्तर आलं. मला पटेना, म्हणून मूळ फोटो उघडले. जुना मे महिन्यातला, नवा सप्टेंबरमधला. नाहूरला जाऊन आले. नकाशात दाट झाडी होती तिथे मोकळ्या प्लॉटवर पावसात माजलेला आणि आता वाळून काटक्या झालेला टाकळा उभा होता. तलावावरची जलपर्णीसुद्धा झाडांत मोजलेली.

तशीच त्याच्या केबिनमध्ये गेले. "अरे, हे गवत आहे. घाटकोपरला झालं तेच."

"माहितेय गं मला," तो म्हणाला. "पण अहवाल वर गेला ना. आता मागे घेतला तर विभागाची वाट लागेल."

"मग दोन्ही फोटो एकाच ऋतूतले घेऊन परत करू या."

"मेमध्ये बघू. तोपर्यंत तळटीप टाकतो."

तळटीप आली, मुंगीएवढ्या अक्षरात. बातम्यांत मात्र उपनगरं हिरवी झाली एवढंच आलं. मी अहवालावरून माझं नाव काढायला लावलं. कुलगुरूंना लिहिलं, तर दखल घेतली आहे असं उत्तर आलं. मग मुलुंडला रस्ता रुंद करण्यासाठी जुन्या शिरीषांची रांग तोडायचं ठरलं आणि सुनावणीत आमचाच अहवाल पुढे आला. झाडं वाढतच आहेत, एवढी गेली तर बिघडत नाही, असं. मी उभी राहून ऋतूंचा घोळ समजावून सांगितला, टाकळ्याचे फोटो दाखवले. समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, अहवाल तुमच्याच विभागाचा ना? आधी आपसात ठरवा." मी फोटो गोळा करून खाली बसले. गेल्या आठवड्यात झाडं पडली. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून पाहत होते. मेमध्ये नवा नकाशा होईल, त्यात ती झाडं नसतील, आणि तो नकाशा अगदी बरोबर असेल.

एवढं झाल्यावर मी त्याच्याशी बोलणं टाकायला हवं होतं. घरी सगळ्यांना वाटतं, टाकलंय. पण तो अजून दुपारी चहा घेऊन माझ्या टेबलाशी येतो आणि मी सरकून जागा करून देते. परवा तो तुमच्या खाकरण्याची नक्कल करत होता, अगदी हुबेहूब, आणि मी हसले. तुमचा आवाज आठवणारं विभागात आता दुसरं कुणी उरलेलं नाही, सर. त्याच्याशी भांडले तर तुमच्याविषयी बोलायचं कुणाशी, म्हणून मी त्याचा चहा पिते.