गाडी कोण चालवत होतं

आबा, मंगळवारी दुपारी माझ्या लेकीचा फोन आला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. एकवीस वर्षांची आहे ती, तुम्ही गेल्यावर झालेली, तुम्ही पाहिलीच नाहीत. हातात शिकाऊ लायसन, शेजारी कोणी जाणतं नाही, आणि भिसेगावहून एकटीच माझी गाडी घेऊन चौकला मैत्रिणीकडे निघाली होती. ट्रकच्या पुढे काढायला गेली आणि समोरून आलेल्या मोटारसायकलवाल्याला धडक बसली. "आई, तो उठत नाय गं," एवढंच म्हणाली.

मी पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात हलवलं होतं. पाय मोडला होता, जीव वाचला होता. तरी मला त्याच रस्त्यावर आपण दोघं दिसत होतो. मी तेवीस वर्षांची आहे, तुम्ही शेजारी बसून शिकवताय, आणि माझ्याकडे तर शिकाऊ लायसनसुद्धा नाही. "क्लच हळू सोड, घाई नाय," तुम्ही म्हणता, आणि मी ब्रेकऐवजी भलतंच दाबते. मोळी घेऊन कडेने चाललेली बाई पडते, लाकडं काचेवर आदळतात. तुम्ही धावत जाऊन तिला उचलता; तिचा हात कोपरातून लोंबतोय. तिला मागच्या सीटवर ठेवून तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "सरक तिकडं. गाडी मी चालवत होतो. तू काय बोलू नको."

पोलिसांना, विम्याच्या माणसाला तुम्ही एकच सांगितलंत: डोळ्यावर ऊन आलं, दिसलं नाय. तीस वर्षं कारखान्याची जीप चालवलीत, कधी ओरखडा नाही. त्या रविवारी जेवताना भाऊ म्हणाला, "आबा, आता वय झालं तुमचं. चावी द्या." मी ताटं वाढत होते. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि खिशातून चावी काढून दिलीत. त्यानंतर कर्जतच्या बाजाराला जाताना तुम्ही रिक्षात पुढे बसायचात, आणि वळण आलं की तुमचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तो पाय बघून मी मान फिरवायचे.

मंगळवारी भाऊही आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझं लायसन पक्कं हाय, पन्नाशीच्या बाईवर कोण संशय घेतो? तू चालवत होतीस म्हण, नायतर विमावाले हात वर करतील." लेकीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिची नखं रुतली. शब्द माझ्या जिभेवर आले होते आबा. ते किती सहज आले, त्याचीच मला भीती वाटली. आजही स्टेअरिंगला हात लावण्याआधी मी ब्रेक कुठला ते पायाने दोनदा चाचपते. कडेने बाई चालताना दिसली की गाडी जवळजवळ थांबवते, मागचे हॉर्न वाजवत राहतात. तिनेही असंच जगायचं का? मी हवालदाराला म्हटलं, "गाडी माझी मुलगी चालवत होती."

आता केस होईल. गाडीचा क्लेम मिळणार नाही असं एजंटने सांगितलं. त्या माणसाला मी रोज भेटून येते. त्याची बायको डबा घेते आणि पाठ फिरवते. घरी लेक बोलत नाही. दारात पोस्टमन आला तरी तिचा चेहरा पांढरा पडतो, आणि माझाही.

काल भांडी घासताना ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या हातून कधी काय झालंच नाय, तुला काय कळणार?" तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नळ जोरात सोडला आणि म्हटलं, "माझ्या हातून नाय गं. तुझ्या आजोबांच्या हातून झालं होतं एकदा."