सवयीने म्हटलेलं ‘येतो’

ताई, तुला साष्टांग आणि भाऊजींना नमस्कार.

मी बरा आहे. खोकला गेलाय, जेवण वेळेवर होतं. आईला एवढंच वाचून दाखव.

परवा कोल्ड स्टोरेजमधली पाळी संपली तेव्हा बोटं वळत नव्हती, म्हणून कोपऱ्यावरच्या पबमध्ये गेलो. या पबच्या शाखा गावभर आहेत. चारी भिंतींवर टीव्ही, टीव्हीत सामने. कुणी का जिंकेना, मला काय! बिअर आणि तळलेली कोंबडी मागवली, तर खाता खाता डोळाच लागला. अर्धं ताट तसंच ठेवून, पैसे देऊन उठलो. वाढणाऱ्या बाईंना सवयीने ‘येतो’ म्हणालो, तेही त्यांच्या भाषेत.

काल परत गेलो तर बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

“येतो म्हणालास आणि गेलास कुठे? पब बंद होईपर्यंत तुझं ताट झाकून ठेवलं होतं!”

मी हसलो खरा, पण या वेळी ताट संपवूनच उठलो.

भाऊजींची पाठ कशी आहे? माझं इथलं काम आणखी वर्षभर वाढलंय. हे आईला इतक्यात सांगू नकोस.

घरून निघताना तिलाही ‘येतो’च म्हणालो होतो. ती अजून ताट झाकून ठेवते का गं?

तुझा,
धाकटा