‘फरक नाही’ असा शेरा

प्रिय बारक्या,

चाळिशी ओलांडलेल्या, दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला अजून बारक्या म्हणते म्हणून चिडू नकोस. दुसरं काही लिहायला हात वळत नाही. तुझं पत्र पोचलं. धाकटीचे पुढचे दोन्ही दात पडले आणि ती आरशासमोरून हलत नाही, हे वाचून हसू यायला हवं होतं. सध्या मला काहीच होत नाही. जेवते, झोपते, कामावर जाते.

कामाचंच सांगते. डोळ्यांच्या दवाखान्यात मी बाजूची नजर तपासते, हे तुला माहीत आहे. माणूस मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघतो, कडेला प्रकाशाचा ठिपका उमटतो, दिसला की त्यानं बटण दाबायचं. नाही दिसला तर ठिपका आणखी उजळ करायचा. किती उजळ केल्यावर दिसला, तो आकडा कागदावर येतो. जुन्या यंत्रावर हा आकडा अपोस्टिल्ब नावाच्या मापात यायचा. ते माप केव्हाच मोडीत निघालं. नव्या यंत्रावर चौरस मीटरला इतके कॅन्डेला असं येतं. जुन्या आकड्याला तीन पूर्णांक चौदा शतांशानं भागलं की नवा मिळतो. आता जुने कागद संगणकात भरायचं ठरलं, आणि अपोस्टिल्ब हा शब्द न अडखळता म्हणणारी मी एकटीच उरल्यामुळे ते काम माझ्या गळ्यात पडलं.

तीन आठवडे मी भागाकार करत होते. मंगळवारी दुपारी बाबांची फाइल हाती आली. काचबिंदूसाठी ते दरवर्षी माझ्याकडेच यायचे, तेव्हाची. दोन कागद होते. एक जुन्या यंत्राचा, दुसरा वर्षभरानंतरचा, नवं यंत्र आलं त्या पहिल्या आठवड्यातला. डाव्या डोळ्याची बाहेरची कड, दोन्हीकडे शंभर. दुसऱ्या कागदाखाली माझ्या अक्षरात शेरा: फरक नाही. त्याच भरवशावर डॉक्टरांची सही.

जुने शंभर म्हणजे नवे बत्तीस रे. वर्षभरात त्यांना तिप्पट उजेड लागायला लागला होता. कड विझत चालली होती, आणि मी शेजारीशेजारी दोन शंभर बघून खूश झाले. त्या दिवशी बाबांनी विचारलं होतं, “गाडी चालवू ना गं?” मी म्हटलं होतं, “बिनधास्त चालवा.” नऊ दिवसांनी त्या चौकात डावीकडून ट्रक आला. आईच्या बाजूनं.

मी गणित तीनदा करून पाहिलं. मग मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. त्यांनी स्वतः भागाकार करून पाहिला. नंतर म्हणाल्या, “सही माझीही आहे.” त्या महिन्यातले सगळे कागद आम्ही दोघींनी बाहेर काढले. एक्केचाळीस माणसं. सगळ्यांना फोन केले, परत तपासायला बोलावलं. दोघांची बाजूची नजर बरीच गेली आहे. एक शिंपी आहे. सुईत दोरा नीट ओवता येतो म्हणून तो निर्धास्त होता.

शनिवारी बाबांना सांगितलं. ते मटार सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “म्हणजे मी बघितलं होतं. डावीकडे बघूनच गाडी काढली होती.” तीन वर्षं हा माणूस स्वतःलाच विचारत होता की आपलं लक्ष कुठे होतं. मग विचारलं, “तुझी नोकरी जाईल का?” मी म्हटलं, माहीत नाही. शेवटी म्हणाले, “बारक्याला कळवू नकोस. माझ्याशी नाही बोलत, निदान तुझ्याशी तरी बोलतो.” आणि पुन्हा मटार सोलायला लागले. मी रडेन असं वाटलं होतं. रडले नाही. सालं उचलून टाकली.

मी त्यांचं ऐकत नाही, म्हणून हे पत्र. आईला नेलं त्या दिवशी सगळ्यांसमोर तू त्यांना म्हणालास, “तुम्ही बघत नव्हतात.” त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी शेजारीच उभी होते, मलाही तेच वाटत होतं. ते खरं नव्हतं. चूक माझी होती. माझ्याशी बोलणं टाकायचं असेल तर टाक, मी समजून घेईन. पण बाबांना फोन कर. दुपारी चारनंतर ते जागे असतात. रिंग वाजली की लगेच ठेवून देऊ नकोस. फोन कुठे ठेवलाय ते त्यांना हातानं चाचपून शोधावं लागतं, वेळ जातो.

तुझीच,
ताई