कानाचं चित्र

१२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेत, म्हणजे आता माझ्या शाळेत, तिसरीच्या प्रत्येक बाकावर टॅब आला. धडा त्याच्यावर, प्रश्न त्याच्यावर, गुणही तोच देतो. मी मागे उभी राहून चार्जिंग संपलेले टॅब बदलते. लगेच नाक मुरडू नकोस! खिडकीजवळची ती मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, वाचनात रोज शंभरपैकी शंभर मिळवतेय. टॅबचा वर्ग बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे मुख्याध्यापिकाबाई तिलाच बसवणार आहेत. कच्च्या मुलांसाठीच्या वाचनाच्या जादा तासातूनही तिचं नाव काढायचंय. प्रगतिपत्रकावर माझी सही झाली की झालं. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी भाची,
ठकी

१६ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे होते तिथेच आहेत. नाक मात्र मुरडून मुरडून वाकडं झालं. चौतीस वर्षं ज्या वर्गात मी खडू झिजवला, तिथे माझी भाची चार्जर बदलत उभी! किळस येते गं. खरकटं ताट न धुता त्यावर चकचकीत कागद चिकटवावा, तसला प्रकार.

एक सांग, तो टॅब प्रश्न वाचूनही दाखवतो का? दाखवत असेल, तर त्या पोरीला बाजूला घे आणि न शिकवलेलं छापील पुस्तक वाचायला दे. वर्गासमोर नको.

कॉन्व्हेंटात आम्ही धडा वाचत असताना सिस्टर मध्येच दुसरं पान उघडून तिथून वाचायला लावायच्या. मला तो छळ वाटायचा, म्हणून मी शिक्षिका झाल्यावर तो सोडून दिला. आणि नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलाला वाचनाचं बक्षीस दिलं. खडाखडा वाचायचा. बक्षीस समारंभात वाचायला उभा राहिला, तेव्हा पुस्तक उलटं धरलं होतं. शेजाऱ्याचं ऐकून सगळं पाठ! मला दिसलं, आणि मी गप्प बसले. समोर संस्थेची मंडळी होती ना. तो वरच्या वर्गात गेला आणि तिथून कायमचा घरी बसला. तेव्हा टॅब नव्हता, ठके. मी होते.

तुझी
आत्या

२१ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कोपऱ्यात कानाचं चित्र आहे. दाबलं की टॅब सगळं वाचून दाखवतो.

मधल्या सुट्टीत तिला पुस्तक दिलं. तिने पानाच्या कोपऱ्यावर बोट दाबलं आणि वाट पाहत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. आत्या, मला स्वतःचीच शिसारी आली.

मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आकडा टॅबचा आहे, आपण कोण बदलणार? आणि जाता जाता आठवण करून दिली, की मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. शुक्रवारी सही करायची. काय करू?

ठकी

२३ जानेवारी

चि. ठकीस,
आशीर्वाद.

काय करायचं ते तुला ठाऊक आहे. माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, म्हणजे उद्या माझ्यावर ढकलता येईल. मुळीच सांगणार नाही. एवढंच सांगते, त्या दिवशी गप्प बसल्याचं जे हाताला चिकटलं, ते अजून साबणाने जात नाही.

आत्या

३० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी लिहिलं, ‘ऐकलेलं सगळं समजतं. वाचता येत नाही. जादा तासात ठेवावी.’ खाली सही केली. पाहुण्यांपुढे दुसऱ्याच मुलाला बसवलं. माझा कागद टेबलावरून खणात गेला, असं शिपाईमामा म्हणाले. टॅब अजून तिला शंभरच देतो, मेला.

शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास ती आणि मी, मध्ये पुस्तक. काल तिने सवयीने कोपऱ्यावर बोट दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड घट्ट मिटून ठेवलं. किती जड गेलं ते तुला कळेल. बऱ्याच वेळाने बोट अक्षरांवर सरकलं आणि ती स्वतःच म्हणाली, ‘दार’.

तुझी माया आहेच, ती अशीच तिखट राहू दे.

तुझी,
ठकी